माळ्यावरची ठासणीची बंदूक: घासण्याआधी ती वाचायची कशी

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बेळगावजवळच्या आमच्या खानापूर भागातल्या जुन्या घरांत माळ्यावरून एक लांब, जड पुडकं खाली येतं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं. आत आज्ज्याची नाहीतर पणज्याची बंदूक असते. मग घरातलं तरणं पोर पॉलिश कागद, राख, चिंच घेऊन परसात बसतं आणि दुपारपर्यंत तिला स्टीलच्या तांब्यासारखी लख्ख करून पाटावर ठेवतं. आज्जी कौतुकानं बघते.

मीही तसा बसलो होतो, सोळा-सतरा वर्षांचा असताना. नळीच्या मागच्या टोकाला कानाजवळ, म्हणजे दारूला आग पोचवणाऱ्या भोकाजवळ, एक काळपट, खरबरीत पट्टा होता. तो जाईना म्हणून तासभर घासला. बऱ्याच वर्षांनी पणज्याचा एक जुना फोटो हाती लागला. फेटा, धोतर आणि हातात तीच बंदूक. मी घासलेल्या जागी फोटोत एक बारीक वेल स्पष्ट चमकत होती. तो पट्टा मळ नव्हता, काळी पडलेली चांदीची वेल होती. पावणेदोनशे वर्षं टिकलेलं काम मी एका सकाळीत उतरवलं. त्यानंतर जिथे जिथे अशी बंदूक बघायला मिळाली तिथे मी ती मोजत, वहीत उतरवत आणि घरच्यांना "घासू नका" म्हणून विनवत आलो आहे.

पुढे जे सांगतो आहे ते बंदूक उडवण्यासाठी किंवा दुरुस्त करण्यासाठी नाही. ती कुठली, कशी घडली, तिच्यावरची नक्षी काय सांगते हे ओळखायचं आणि आहे तशी पुढच्या पिढीच्या हाती द्यायची, एवढंच काम आहे. क्रम मात्र मोडू नका.

आधी बघा, आत बार आहे का

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडातून भरून गजानं ठासतात. एकदा भरलेला बार काढायचा सोपा उपाय म्हणजे तो उडवणं. रानातून हात हलवत परत आलेला माणूस पुष्कळदा बंदूक भरलेलीच खुंटीला लावायचा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. म्हणून पुडकं सोडलं की पहिल्यांदा उदबत्ती, समई, विडी, चूल यांपासून लांब जा. मुलांना बाहेर पाठवा. नळीचं तोंड मातीच्या भिंतीकडे करा आणि चापाला हात लावू नका. टोपीची बंदूक असेल तर ज्या बोंडीवर तांब्याची टोपी बसते तिथे टोपी आहे का ते नुसतं डोळ्यांनी बघा. दिसली तर बंदूक आहे तिथेच राहू दे, घोडा खाली आणायचा प्रयत्न नको.

मग वाळलेल्या बांबूची सरळ, बोथट काठी घ्या, लोखंडी सळी चालणार नाही. काठी नळीच्या तोंडासमोर स्वतः न येता, बाजूला उभं राहून हळूच आत सोडा. टेकली की तोंडापाशी खडूनं खूण करा. काठी बाहेर काढून नळीच्या बाजूला धरा, खूण तोंडाशी जुळवा आणि दुसरं टोक कुठे येतं ते बघा. कानापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं, वीतभर अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. कुंभारीण माशीनं केलेलं मातीचं घर असू शकेल किंवा जुना बोळा असू शकेल, पण तुम्ही तो बारच समजायचा. उकरू नका, ठोकू नका, तापवू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा आणि परवाना असलेल्या बंदूकवाल्याकडूनच ती रिकामी करून घ्या. मधून मोडणारी काडतुसाची दुनळी असेल आणि तुम्हाला ती उघडता येत नसेल, तर तीही जाणत्याच्या हातून उघडून घ्या.

कागद

"जुनी आहे, तिला कुठला परवाना?" हे वाक्य मी चिक्कोडीपासून जांबोटीपर्यंत ऐकलं आहे. ते चूक आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण त्याला अट आहे: ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं असलं पाहिजे. नळी शाबूत आणि चाप चालतो अशी ठासणीची बंदूक त्या सुटीत बसत नाही, मग ती पेशवाईतली का असेना. परवानाधारक वारला असेल तर ती घरात तशीच ठेवता येत नाही. ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानात जमा करून वारसानं जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा असतो. पिकाच्या राखणीचे परवाने ज्यांच्याकडे आहेत त्यांना ही वाट पाठ असते, कारण निवडणूक लागली की बंदूक बहुधा ठाण्यात जमा करावी लागते.

जुने कागद शोधताना आपल्या भागाचा इतिहास ध्यानात ठेवा. १९५६पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून आज्ज्याचा परवाना मुंबई सरकारचा निघेल. शहापूर सांगली संस्थानात होतं. आजूबाजूला कोल्हापूर, जमखंडी, रामदुर्ग, कुरुंदवाड यांची गावं विखुरलेली होती. तेव्हा परवान्यावर किंवा बंदुकीवर संस्थानाचा शिक्का दिसला तर चक्रावू नका, तो तुमच्या बंदुकीच्या चरित्रातला पहिला पक्का पुरावा आहे. आणि कागद मुळीच नसतील तर पहिल्यांदा चांगला वकील गाठा, बंदूक घेऊन गावोगाव दाखवत हिंडू नका.

आणखी दोन कायदे लक्षात असू द्या. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. कुंद्यावर, म्हणजे बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर, हस्तिदंत असेल तर त्याची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्यानं बंद आहे.

फोटो आणि मोजमाप

पुसण्याआधी फोटो काढायचे. धूळ, जाळी, गंज सगळ्यासकट. पांढऱ्या धोतरावर बंदूक आडवी ठेवा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात, खिडकीशी काम करा. समोरून पडलेल्या फ्लॅशमध्ये नक्षी सपाट होते, तिरप्या उजेडात बारीकशी रेघही सावली टाकते. डावी बाजू, उजवी बाजू, वरून, खालून, मग कान, चाप, तोंड, कुंद्याची टाच. प्रत्येक फोटोत शेजारी पट्टी ठेवा.

वहीत एकूण लांबी, नळीची लांबी, तोंडाचा बाहेरचा आणि आतला व्यास, वजन. आतल्या व्यासाचा उपयोग विलायती बंदुकीत होतो. 'बारा बोअर' म्हणजे नळीच्या मापाच्या बारा शिसाच्या गोळ्या मिळून एक पौंड वजन. त्या नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर येतो, सोळा बोअरचा पावणेसतराच्या आसपास. आपल्याकडच्या लोहारानं घडवलेल्या नळीला असं ठरीव माप नसतं. प्रत्येक बंदुकीबरोबर तिचाच गोळीचा साचा असायचा. तुमच्या माळ्यावर चिमट्यासारखा दगडी नाहीतर पितळी साचा पडून असेल तर तो फेकू नका, तो त्या बंदुकीचा जोडीदार आहे.

आग कुठून येते ते बघा

बंदुकीचा काळ ठरवायला कानाजवळ बघायचं. दारूपर्यंत आग कशी पोचते, यावरून तीन घराणी पडतात.

पहिलं तोड्याच्या बंदुकीचं. सोऱ्यात भिजवलेली सुताची दोरी, म्हणजे जामगी, धुमसत ठेवायची. चाप ओढला की तिला धरणारी वाकडी भुजा रंजकीच्या, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूच्या, प्याल्यावर उतरते. रंजक पेटते, कानातून आग आत जाते. आपल्याकडच्या बंदुकीत ही भुजा कुंद्याच्या पोटातल्या खाचेतून वर आलेली दिसते, बाजूला मोठी लोखंडी पाटी नसते. प्याल्यावर फिरणारं झाकण असतं, कारण पावसाची सर आणि वारा रंजक खातात.

दुसरं चकमकीचं. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा, समोर पोलादी पान, आणि बाजूला स्क्रूंनी बसवलेली पाटी. फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा चाप, म्हणजे आग पाडणारी ही सगळी यंत्रणा, घडत गेला आणि पुढे दोनशे वर्षं युरोपच्या फौजांनी वापरला. आपल्या खेड्यांत तो फारसा रुजला नाही, आणि मला त्यात लोहारांचं शहाणपण दिसतं. चकमकीला उत्तम कमान लागते, चांगली गार लागते, ती वारंवार बदलावी लागते. जामगीला सूत आणि सोरा पुरे. म्हणून तोड्याची बंदूक दिसली की ती शिवकाळातली, असं समजू नका. एकोणिसाव्या शतकातही त्या घडत होत्या.

तिसरं टोपीचं. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीचा भडका बघून पक्षी गोळी पोचायच्या आत उडून जात. म्हणून त्यानं ठोक्यानं पेटणाऱ्या रसायनाचा उपाय काढला आणि १८०७ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. तुमच्या बंदुकीत कानाच्या जागी उभी बोंडी आणि वर पोकळ डोक्याचा घोडा असेल तर हा चाप १८२०नंतरचा. मात्र नळी त्याहून खूप जुनी असू शकते, ते पुढे येईल.

चावीनं फिरवायच्या चाकाचा एक युरोपीय चापही होता. आपल्या भागात तो सापडण्याची शक्यता नाहीच म्हणा.

नळी

आता सावकाश बसा. बंदूक करणाऱ्याची खरी परीक्षा नळीत. लोखंडाची चार फूट लांब पोकळ नळी, जी आतल्या स्फोटानं फाटणार नाही, ती यंत्रं यायच्या आधी कशी केली असेल?

सर्वांत सोपी रीत म्हणजे लोखंडाचा लांब पट्टा गजाभोवती लांबीच्या दिशेनं वळवायचा आणि कडा भट्टीत पांढऱ्या होईस्तोवर तापवून, ठोकून जोडायच्या. हा सांधा नळीच्या तोंडापासून कानापर्यंत सरळ जातो आणि फाटायची झाली तर नळी तिथेच फाटते. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फझलनं 'ऐन-इ-अकबरी'त अकबराच्या कारखान्याची रीत लिहून ठेवली आहे. ती याच दोषावरचा उतारा आहे. लोखंड चपटं करून ते तिरकं, कागदाच्या सुरळीसारखं गुंडाळायचं, वेढे कडेला कड न लावता एकावर एक चढवायचे आणि हळूहळू तापवून एकजीव करायचे. सांधा आता सरळ न राहता पिळासारखा फिरतो, म्हणून जोर एका रेघेवर येत नाही. बैलानं फिरवायच्या चाकावर एका वेळी सोळा नळ्या आतून साफ करण्याचं यंत्रही त्यात आहे. अकबराच्या आवडत्या बंदुकीचं नाव होतं संग्राम. चितोडच्या वेढ्यात किल्ला लढवणारा जयमल याच बंदुकीनं पडला असं अबुल फझलनं लिहिलं आहे.

आता तुमच्या नळीकडे वळा. कोरड्या मऊ कपड्यानं फक्त धूळ टिपा आणि तिरप्या उजेडात नळी हळूहळू फिरवा. एकच सरळ रेघ लांबवर जाताना दिसते? मग साधी वळीव नळी. दोरीच्या वेढ्यांसारख्या तिरक्या रेघा? पिळाची नळी. आणि लाकडाच्या रेषांसारखी, पाण्यावरच्या तरंगांसारखी दाट जाळी दिसली, तर लोखंड आणि पोलादाचे गज पिळून, मग गुंडाळून केलेली नळी. फारसीत पोलादाच्या त्या लाटांना जौहर म्हणतात. युरोपात हेच काम दमास्कस नावानं चाले आणि बेल्जियमचं लीएज हे त्याचं मोठं केंद्र होतं. हे तरंग आम्लानं किंचित खाऊन उठवलेले असतात, म्हणजे ते फक्त पृष्ठभागावर, केसाच्या जाडीइतके असतात. पॉलिश कागदाचा एक हात फिरला की गेले. दमास्कस नळीची विलायती दुनळी असेल तर आणखी एक सांगून ठेवतो: ती काळ्या दारूसाठी घडवलेली आहे. आजच्या काडतुसाचा दाब तिला सोसेलच असं नाही आणि ती हातात फुटू शकते. उडवू नका.

आपण गोव्याच्या डोक्यावर बसलोय, हेही विसरू नका. १५१०मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा तिथे विजापूरकरांच्या हाताखालचे बंदूक घडवणारे कसबी होतेच. गोवा घेणारा पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्क यानं आपल्या राजाला कळवलं होतं की इथले कारागीर बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीचे आहेत. बोहेमिया म्हणजे तेव्हाच्या युरोपातलं नावाजलेलं ठिकाण. चोर्ल्याच्या घाटाखाली अशी पेठ होती म्हटल्यावर घाटमाथ्यावरच्या देसायांच्या घरी चांगली नळी सापडली तर आश्चर्य कसलं!

तोंडाकडेही बघा. दख्खनी आणि दक्षिणी नळ्यांचं तोंड पुष्कळदा मगरीच्या नाहीतर वाघाच्या जबड्यासारखं कोरलेलं असतं. उत्तरेकडच्या नळ्यांना कळीसारखा फुगीर घेर असतो. गंजानं जबड्याचे दात झिजलेले असले तरी बोटानं चाचपल्यावर उंचवटा कळतो. कोडगूच्या बंदुका वेगळ्या: त्यांचा कुंदा खाली वळलेला, रुंद, आणि त्यावर चांदी-पितळेचं काम. तिकडे बंदुकीला कोवी म्हणतात. आपल्याकडे खंडेनवमी, तशी त्यांच्याकडे हत्यारांच्या पूजेची कैलपोळद.

नक्षी

सोन्या-चांदीचं काम लोखंडावर तीन तऱ्हांनी बसतं आणि तिन्ही वेगवेगळ्या मोलाची आहेत.

कोफ्तगरी ही सगळ्यांत जास्त दिसणारी. लोखंडावर कानशीनं अतिशय बारीक आडव्या-तिरप्या चरा पाडायच्या, इतक्या की बोटाला मखमल लागावी. त्यावर सोन्याची किंवा चांदीची केसासारखी तार नक्षीच्या वळणानं ठोकत जायची. मऊ धातू चरांत रुततो. मग अकिकाच्या दगडानं घोटून एकसारखा करायचा आणि उरलेलं लोखंड तापवून काळं-निळं करायचं. तार वरवर बसलेली असते म्हणून ती झिजते, आणि झिजली की खालच्या चरा उघड्या पडतात. काळपट, खरबरीत पट्टा दिसला तर भिंग घेऊन बघा. त्यात जाळीसारख्या चरा असतील तर तिथे कोफ्तगरी होती, आणि कुठे कुठे धातूचे कण अजून धरून असतील. मी घासला तो पट्टा हाच.

दुसरं खोल जडावाचं काम. यात लोखंडात खोबण कोरतात, तिच्या कडा आतून किंचित रुंद ठेवतात आणि जाड तार ठोकून बसवतात. हे हाताला लोखंडाशी सपाट किंवा किंचित वर लागतं, सहज झिजत नाही. कुठे तार निसटलेली असेल तर स्वच्छ कडांची रिकामी खोबण दिसते. तिसरं पाऱ्यातून चढवलेला मुलामा. त्याला ना चरा ना खोबण, झिजतो तेव्हा धुक्यासारखा विरळ होत जातो.

म्हणजे ओळखायची जागा चकाकणारी नव्हे, झिजलेली. बाजारात जुन्या साध्या नळीवर नवं कोफ्तगरी काम करून 'राजेसाहेबांची' म्हणून विकतात. त्यांत हाताच्या पकडीची जागा आणि कुणाचा हात न लागणारी खालची बाजू सारखीच ताजी दिसते. शंभर वर्षं वापरलेल्या बंदुकीत डाव्या हाताखालची वेल अर्धी गेलेली असते, प्याल्याजवळचं लोखंड रंजकीच्या राखेनं खाऊन खडबडीत झालेलं असतं. नक्षी त्या खड्ड्यांच्या वरून कोरी करकरीत जात असेल तर ती नंतर घातलेली आहे.

चित्रं काय आहेत, तेही उतरवून घ्या. टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यातल्या बंदुकांवर वाघाचं तोंड आणि वाघाच्या अंगावरचे पट्टे वारंवार येतात. राजस्थानी बंदुकांचे कुंदे लाखेनं रंगवून त्यांवर हरणं, डुकरं, घोडेस्वार काढलेले असतात. जर्मन शिकारी बंदुकांच्या कुंद्यांत हरणाच्या शिंगाचे तुकडे जडवून त्यांवर कुत्री आणि हरणं कोरलेली असत. आपल्या भागातल्या घरगुती बंदुकीवर एवढं काही नसेल. पितळी तारेचे वेढे, नळी कुंद्याला बांधणारे चांदीचे दोन-तीन बंद, कुंद्यावर पितळी फूल, एवढंच. पण ते फूल कुठल्या सोनाराच्या हातचं, शेजारच्या घरच्या पानदानावर तसंच फूल आहे का, हे बघायला कुणी जात नाही. मी गेलो तेव्हा नंदगड भागातल्या एका घरात बंदुकीवरचं फूल आणि देव्हाऱ्याच्या पत्र्यावरचं फूल एकाच ठशाचं निघालं. त्या दिवसाचा आनंद अजून आठवतो.

पांढरी जडण दिसली तर ती हाड की हस्तिदंत हे भिंगातून बघा. हाडात बारीक काळे ठिपके, रेघोट्या असतात. दंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. तापलेली सुई टोचून पाहायची रीत सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. डाग कायमचा पडतो.

अक्षरं आणि खुणा

कानामागे, नळीच्या खाली, कुंद्याच्या टाचेवर शोधा. कुंदा काढून बघायचा मोह होईल, तो आवरा. गंजलेला खिळा निघताना लाकूड चिरतं.

ठिपक्या-ठिपक्यांनी टोचलेली देवनागरी अक्षरं किंवा आकडे असतील तर बहुधा ती संस्थानच्या सिलेखान्याची, म्हणजे शस्त्रागाराची, नोंद असते. बिकानेरच्या हत्यारांवर अशा नोंदी खूप आहेत आणि त्यांतली काही हत्यारं दख्खनच्या स्वाऱ्यांतून, अदोनीच्या किल्ल्यातून गेलेली आहेत. साल आढळलं तर ते कुठल्या गणनेतलं हे आधी ठरवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मराठी दप्तरांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६००, दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१. हिजरीचं वर्ष चांद्र असल्यामुळे सरळ बेरीज चालत नाही: आकड्याला ०.९७नं गुणून ६२२ मिळवा, अंदाज येतो. हिजरी १२०० म्हणजे १७८५-८६. टिपूच्या बंदुकांवरचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात. यात भलेभले फसतात.

विलायती बंदुकीवर नळी तपासल्याचे ठसे असतात. लंडनच्या ठशात मुकुटाखाली जी-पी आणि व्ही ही अक्षरं. बर्मिंगहॅमचं तपासणीघर १८१३मध्ये निघालं, त्याच्या ठशात मुकुटाखाली फुलीसारखे ठेवलेले दोन राजदंड. अंडाकृती चौकटीत ई-एल-जी आणि तारा दिसला तर नळी लीएजची. हृदयाच्या आकारात चार अक्षरं आणि वर चारच्या आकड्यासारखी खूण ही ईस्ट इंडिया कंपनीची, पुढे तिच्या जागी सिंह आला. नुसत्या नावावर मात्र भरवसा ठेवू नका. इटलीतल्या ब्रेशाजवळच्या लाझारिनो कोमिनाझ्झोच्या नळ्या इतक्या गाजल्या की 'लाझारिनो' हे नाव कुणीही कोरू लागलं. नाव भारी आणि काम ढोबळ असेल तर कामावर विश्वास ठेवा.

एकाच बंदुकीत दोन-तीन काळ

आमच्या घरची बंदूक अशीच आहे: तोड्याची नळी, टोपीचा घोडा आणि त्याहून नवा कुंदा. टोपी आल्यावर जुनी चांगली नळी टाकून द्यायला कुणी तयार नव्हतं. कान बुजवून बोंडी बसवायची आणि बाजूला विलायती पाटी ठोकायची. हा बदल म्हणजे खोट नाही. बुजवलेल्या कानाचा गोल डाग, कुंद्यातली जुनी रिकामी खाच, नळीच्या बंदांची बदललेली जागा हे सगळं वहीत घ्या.

अर्धवट बंदुकाही फेकू नका. १८५७ साली हत्यारं काढून घेण्याचा हुकूम निघाला तेव्हा मुधोळजवळच्या हलगलीचे बेरड त्याविरुद्ध उठले होते. १८७८च्या कायद्यानं ब्रिटिश मुलखात परवाना सक्तीचा झाला. नुसती नळी किंवा नुसता कुंदा उरलेली घरं आपल्या पट्ट्यात सापडतात. तसं काही हाती आलं तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि ते काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कित्तूरच्या १८२४च्या लढाईत कलेक्टर थॅकरे गोळीनं पडला आणि ती गोळी आमटूर बाळप्पाची, हे आजही लोकांच्या तोंडी आहे. घराण्याच्या आठवणी मात्र दोन पिढ्यांत विरतात.

स्वच्छता, पावसाळा आणि पूजा

जितकं कमी कराल तितकं चांगलं. हातात स्वच्छ सुती मोजे घाला. घामातलं मीठ लोखंडावर बोटांचे ठसे गंजवून ठेवतं. रंगाऱ्याच्या मऊ ब्रशनं धूळ झाडा. तांबडा, भुरभुरणारा गंज जिवंत असतो, तो पसरतो. गडद तपकिरी-काळा, गुळगुळीत थर स्थिर असतो, तो बंदुकीची कातडी समजा आणि तिला हात लावू नका. तांबड्या ठिपक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दिवसभर मुरू द्या, मग बांबूच्या काडीनं हळू उकला आणि कपड्यानं टिपून घ्या. नक्षी असलेल्या जागी एवढंही करू नका. खोबरेल, शेंगतेल, एरंडेल नको, ती चिकट होतात आणि धूळ धरतात. चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पावडर, तारेचा काथ्या, तांबडा ऑक्साइड, वॉर्निश या सगळ्यांना घराबाहेर ठेवा. लोखंड कोरडं झाल्यावर संग्रहालयात वापरतात त्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात पुरतो.

कुंद्याला तेल पाजायची पद्धत आहे, पण जवसाचं तेल लाकूड काळं करून पुढे चिकट थर धरतं. लाकडातून पीठ गळत असेल तर कीड आहे. बंदूक इतर लाकडी सामानापासून वेगळी करून जाणकाराला दाखवा.

खानापूर-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना चार महिन्यांचा ओलावा काय करतो ते सांगायला नको. चामड्याच्या म्यानात, लोकरीत, वर्तमानपत्रात बंदूक गुंडाळू नका. धुतलेलं, खळ काढलेलं सुती कापड घ्या. बंदूक बाहेरच्या भिंतीला टेकवून उभी करू नका, कुलूपबंद कपाटात आडवी, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा आणि शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की बदला.

पूजेबद्दल. ओलं कुंकू, हळद, कापलेलं लिंबू, नारळाचं पाणी, ओली फुलं हे सगळं लोखंडाला खातं. आमच्या घरी आता पाटावर बंदूक कापडावर ठेवतो आणि हळद-कुंकू, फूल पाटाच्या कडेला वाहतो. अक्षता कोरड्याच टाकतो. पहिल्या वर्षी आज्जीला ते पटलं नव्हतं. मी तिला पणज्याचा फोटो आणि आजची नळी शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "देवाला काय, पाटावरचं पण पोचतंय."

ताडून बघायला कोल्हापूरचा नवा राजवाडा सोयीचा, तिथे छत्रपतींची हत्यारं आणि शिकारीच्या वस्तू आहेत. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि हैदराबादचं सालारजंग हेही वेळ काढून बघावेत असे. आपली बंदूक सोबत न्यायची नाही, वही आणि फोटो न्यायचे. काचेपलीकडच्या बंदुकीत झिजलेल्या जागा शोधा, तारेचे वेढे मोजा, कानाचा आकार आपल्या वहीतल्या चित्राशी जुळवा.

वर्षातून दोनदा कापड सोडून बघायचं: मे संपताना, पहिल्या पावसाच्या आधी, आणि नवरात्रात कोरडं ऊन पडलं की. प्रत्येक खेपेला कानाजवळचा एक फोटो त्याच उजेडात, त्याच अंतरावरून काढा आणि मागच्या फोटोशेजारी ठेवा. तांबडा ठिपका वाढला असेल तर तिथेच दिसेल.